अण्णांचा फोन आता कुणी उचलायचा?

एका वाचक भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्याचा सारांश देते.

त्यांचे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, मागच्या वर्षी वारले. अण्णांनी जवळपास तीस वर्षं रक्तदात्यांची वही सांभाळली. कुणाला रक्त लागलं की फोन अण्णांना यायचा. मग वही उघडून फोनाफोनी, आणि वेळ पडली तर रुग्णालयात जाऊन नातेवाइकांजवळ बसणं. शेवटची सहा वर्षं अण्णांना नीट ऐकू येत नव्हतं, तेव्हा फोन या सूनबाई करायच्या. अण्णा गेले, वही आणि फोन दोन्ही यांच्याकडेच राहिलं. ‘कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही,’ असं त्या लिहितात. नोकरी आहे, मुलगी दहावीत आहे, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यात एका रात्री ओ निगेटिव्ह दाता काही केल्या मिळाला नाही आणि रुग्णाचे नातेवाईक म्हणाले, ‘अण्णा असते तर असं झालं नसतं.’ आता पहिली पुण्यतिथी जवळ आली आहे. धाकट्या दिरांना त्या दिवशी भव्य शिबिर घ्यायचं आहे, अण्णांच्या नावानं न्यास काढायचा आहे, दरवर्षी एक पुरस्कार द्यायचा आहे. ‘वहिनी आहेतच बघायला’ असं सगळे धरून चालले आहेत. यजमान म्हणतात, जमेल तेवढं कर. बाईंचा प्रश्न असा : ‘मी हे सोडलं तर अण्णांचं नाव बुडवल्यासारखं होईल का? आणि नाही सोडलं, तर मी किती दिवस तग धरेन?’

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ त्या ओ निगेटिव्हच्या रात्रीपाशी अडकले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘अण्णा असते तर’ हे घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य आहे. त्यात अण्णांवरचा विश्वास आहे. तुमच्यावरचा ठपका म्हणून ते मनात धरून बसू नका. शिवाय ते खरं तरी आहे का, हेही बघू या. ओ निगेटिव्ह आपल्याकडे शंभरात जेमतेम एकदोघांचा असतो. त्यातही ज्यानं नुकतंच रक्त दिलंय त्याला लगेच बोलावता येत नाही. पुरुषांनी तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने थांबायचं, असा नियम आहे. समजा, दाता मिळाला असता आणि रात्री दोन वाजता धावत आला असता, तरी त्याच्या दंडातून काढलेली पिशवी तशीच नेऊन रुग्णाला लावत नाहीत. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या व्हाव्या लागतात, मग क्रॉसमॅच, म्हणजे ते रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का हे बघणं. यात काही तास जातातच. त्या क्षणी रुग्णाच्या उपयोगी पडतं ते आधीच तपासून शीतकपाटात ठेवलेलं रक्त, आणि ते तिथे असावं याची जबाबदारी रुग्णालयाची आणि रक्तपेढीची असते. एका घरातल्या वहीची ती नव्हती. अण्णांनी ती आपलेपणानं अंगावर घेतली, हा त्यांचा मोठेपणा. पण तुम्ही ती आपलं देणं समजून वाहता आहात आणि त्याखाली दबून गेला आहात.

अण्णांनाही अशा रात्री आल्या असतील. न मिळालेल्या रक्ताची नोंद कुणी वहीत करत नाही, म्हणून आज मागे वळून पाहताना त्यांचे फक्त यशाचे प्रसंग दिसतात. घरातल्या मोठ्या माणसाच्या कामाची आठवण अशीच गाळून आपल्यापर्यंत येते. तुम्ही स्वतःला ज्यांच्याशी तोलता आहात ते तीस वर्षांच्या आठवणींतले अण्णा आहेत, आणि तुम्ही मात्र कालच्या रात्रीच्या तुम्ही आहात. ही तुलना तुमच्यावर अन्याय करणारी आहे.

आता दुसरी गोष्ट. पत्रात तुम्ही तीन ठिकाणी ‘मी अण्णांना मदत करायचे’ असं लिहिलंय. सहा वर्षं प्रत्येक फोन तुम्ही केलात, कोण कधी देऊन गेलं ते तुम्ही टिपून ठेवलंत, नकार तुम्ही ऐकलेत, ‘उद्या फोन करा’ म्हणणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन तुम्ही लावलात. याला मदत म्हणत नाहीत, हे काम आहे, आणि त्या सहा वर्षांत ते अण्णांइतकंच तुमचं होतं. लोकांच्या तोंडी अण्णांचं नाव राहिलं हे स्वाभाविक आहे. पण घरातही कुणाला ते दिसलं नाही. ‘कुणी ठरवलं नाही’ असं तुम्ही म्हणता. सुनेच्या अंगावर आलेलं काम सहसा कुणी ठरवत नाही, ते आपोआप तिचं होऊन जातं. म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच आहे की, पुण्यतिथीचं काहीही ठरण्याआधी हे काम कुणी करायचं, हा विषय घरात उघडपणे निघाला पाहिजे, आणि त्या वेळी तुमचं नाव गृहीत धरलेलं नसलं पाहिजे.

नावं झाकून तुम्ही वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. तो मी बराच वेळ बघत होते. निळ्या शाईच्या ओळी, कडेला बारीक अक्षरात टिपा. एकापुढे ‘रात्रीही चालेल’. दुसऱ्यापुढे ‘परीक्षा, मेनंतर’. तिसऱ्यापुढे ‘घरच्या नंबरवर करू नये, आईला भीती वाटते’. एका बाईंच्या नावापुढे ‘हिमोग्लोबिन कमी, पुन्हा विचारू नये, वाईट वाटतं’. आणि एका ओळीला लाल शाईची चौकट, तिच्यात दोनच शब्द : ‘बॉम्बे, जपून’.

इतर वाचकांसाठी सांगते. बॉम्बे हा अतिशय दुर्मीळ रक्तगट आहे. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा जगापुढे आणला. नेहमीच्या साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ असल्यासारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. त्याच गटाचं लागतं. अण्णांच्या त्या ‘जपून’चा अर्थ माझ्या मते असा, की या दात्याला एरवी बोलावून त्याचे तीन महिने अडकवायचे नाहीत. तो ज्याला खरोखर लागेल त्याच्यासाठी राखून ठेवायचा.

कुणाला बोलवायचं हे रक्तपेढीतल्या कुठल्याही यादीवरून कळतं. कुणाला बोलवायचं नाही, कुणाला कसं विचारायचं, नकार दिलेल्या माणसाला पुन्हा संकोचात कसं टाकायचं नाही, हे अण्णांनी स्वतः शोधून काढलं होतं. त्यांच्या मागे उरलेलं मोलाचं काही असेल तर ही रीत आहे. फोन कुणाकडे आहे, न्यासाच्या पाटीवर कुणाचा फोटो आहे, या गोष्टी तिच्यानंतर येतात. आणि रीत शिकवता येते. त्यासाठी तुम्ही रात्रभर उशाशी फोन घेऊन झोपण्याची गरज नाही.

वहीबद्दल आणखी एक, आणि हे जरा कडक शब्दांत सांगते. ती वही तुमच्या घरची मालमत्ता नाही. त्यातल्या प्रत्येकानं आपलं नाव, नंबर, रक्तगट, कधी कधी आजारपणाची माहितीसुद्धा एका माणसावर विश्वास ठेवून दिली होती. ती तशीच न्यासाकडे सोपवणं, टाइप करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, शिबिराच्या निमंत्रणासाठी वापरणं, यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय करू नका. दिरांना यादी मागायची घाई झाली असेल तर ही गोष्ट त्यांना शांतपणे सांगा. प्रत्येकाला एक फोन जायला हवा : अण्णा गेले, वही आता अमुक रक्तपेढीकडे द्यायचा विचार आहे, तुमचं नाव ठेवू का? तीस वर्षांची वही आहे. काहींचं वय पासष्टच्या पुढे गेलं असेल, आणि आपल्याकडे ती रक्तदानाची वरची मर्यादा आहे. काहींचे नंबर बदलले असतील, काही हयातही नसतील. म्हणजे वही दिसते तेवढी मोठी आज नाही, आणि ते कळणंही गरजेचं आहे. हे फोन तुम्ही एकटीनं करायचे नाहीत. यजमानांनी काही पानं घ्यायची, दिरांनी काही. ज्यांना अण्णांचं नाव पुढे न्यायचंय त्यांनी वीस-पंचवीस माणसांशी पाच-पाच मिनिटं बोलून बघावं. अण्णा काय करत होते हे भाषणांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

शिबिराकडे येते. दिरांवर रागावू नका. वडील गेल्यावर काहीतरी मोठं, डोळ्यांना दिसेल असं करावंसं वाटणं, हे दुःख व्यक्त करण्याचंच एक रूप आहे. शिबिर ही चांगलीच गोष्ट आहे. पण रक्त साठवून ठेवायलाही मर्यादा असते. लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात. पिशवीत कुठलं द्रावण वापरलंय त्यावर ते ठरतं. प्लेटलेट तर अवघे 5 दिवस. एकाच दिवशी रक्तपेढीच्या गरजेपेक्षा जास्त पिशव्या गोळा झाल्या तर त्यातल्या काही वाया जाण्याची भीती असते, आणि तेवढे सगळे दाते पुढचे तीन-चार महिने रक्त देऊ शकत नाहीत. अण्णांची वही वर्षभर थोडं थोडं रक्त पुरवत होती. एका दिवसाचं भव्य शिबिर त्याच्या नेमकं उलटं काम करू शकतं.

याचा अर्थ शिबिर घेऊ नका असा नाही. रक्तपेढीला विचारून घ्या. तुम्ही किती पिशव्या घेऊ शकता, तुमच्याकडे कुठल्या महिन्यांत रक्त आटतं, हे दोन प्रश्न. बऱ्याच ठिकाणी एप्रिल-मे मध्ये महाविद्यालयं बंद झाली की दाते कमी होतात, आणि पावसाळ्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेटची मागणी वाढते. पुण्यतिथीला मोजक्या पन्नास जणांचं शिबिर आणि बाकीच्यांची नावं टंचाईच्या महिन्यांसाठी राखून ठेवलेली, असं करता आलं तर ते अण्णांच्या कामाच्या जास्त जवळचं होईल. फलकावर फोटो लहान असला तरी चालेल.

न्यासाबद्दल मी जास्त साशंक आहे. नोंदणी करणं अवघड नाही. अवघड आहे ते नंतरचं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब आणि लेखापरीक्षण आलं, बैठका आणि इतिवृत्तं आली, विश्वस्त बदलला की बदल अर्ज आला. पहिल्या वर्षी उत्साह असतो. पाचव्या वर्षी कागद कोण सांभाळणार, हा प्रश्न आजच विचारा. आणि पत्र दोनदा वाचूनही मला एक गोष्ट सापडली नाही : विश्वस्तांच्या प्रस्तावित यादीत तुमचं नाव आहे का? नसेल, आणि तरी काम तुम्हीच करायचं असेल, तर त्या न्यासाचा पाया सुरुवातीपासूनच कच्चा आहे.

पुरस्काराचंही तसंच. ठेव ठेवून तिच्या व्याजातून दिले जाणारे पुरस्कार सुरुवातीला शोभतात. वीस-पंचवीस वर्षांनी महागाई त्या व्याजाची किंमत इतकी खाऊन टाकते, की देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही अवघड होतं. अण्णांच्या नावानं पैसे बाजूला काढायचेच असतील तर मी दोन गोष्टी सुचवेन. एक, नवी संस्था न काढता चालू असलेल्या, हिशेब चोख असलेल्या रक्तपेढीला किंवा थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या केंद्राला नेमक्या कामासाठी ते द्यावेत. दोन, मुदत घालावी. दहा वर्षांत सगळा निधी खर्च करायचा, असं आधीच लिहून ठेवायचं. कायमस्वरूपी निधी करायचा म्हणजे त्याची देखभाल तुमच्या मुलीच्या पिढीवर टाकायची, आणि तिला आज कुणी विचारलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की नातेवाईक आमटे कुटुंबाचं उदाहरण देतात : बघा, पिढ्यान् पिढ्या कसं काम चालवतात. ते काम डोंगराएवढं आहे यात शंका नाही. पण तिथलं चित्र नीट बघा. बाबा आमट्यांनी आनंदवन 1949 साली सुरू केलं. त्यांचे दोन्ही मुलगे त्या वातावरणात वाढले, डॉक्टर झाले. हेमलकशाचं काम 1973 साली सुरू झालं तेव्हा पाठीशी आनंदवनासारखी उभी संस्था होती, माणसं होती. तिथे पुढच्या पिढीनं पूर्ण वेळ काम पत्करलं आणि त्यासाठी शिक्षण घेतलं. तुमच्या हाती आहे एक वही आणि एक फोन, तेही नोकरी सांभाळून. हे उदाहरण तुम्हाला प्रेरणा म्हणून कुणी दिलं तर घ्या. मापदंड म्हणून दिलं तर घेऊ नका.

मला तुमच्यासाठी सावित्रीबाई जास्त जवळच्या वाटतात. जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 ला गेले. दोघांनी 1848 पासून मुलींच्या शाळांसाठी काय सोसलं ते आपण सगळे जाणतो. जोतीरावांनंतर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचं काम पुढे नेलं, आणि 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा त्या रुग्णांच्या सेवेला गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता, तो उपचार करत होता. रुग्णांची शुश्रूषा करतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. शाळांपासून प्लेगच्या रुग्णांपर्यंत, कामाचं रूप पूर्ण बदललं होतं. ज्याला त्या वेळी कुणी नव्हतं त्याच्याकडे त्या गेल्या. यातून तुम्ही जिवावर उदार व्हावं असं मी सुचवत नाहीये, हे स्पष्ट सांगते. काम बदलू शकतं आणि तरी ते त्याच माणसाचं पुढचं पाऊल असू शकतं, एवढंच मला दाखवायचंय. महर्षी कर्व्यांच्या घरात तर मुलाची वाट आणखी वेगळी. वडिलांचं आयुष्य विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणात गेलं, 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. रघुनाथरावांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि जन्मभर लोकांचा रोष पत्करला. वडिलांची संस्था त्यांनी चालवली नाही, म्हणून त्यांनी वडिलांचं नाव बुडवलं असं आज कुणी म्हणणार नाही.

तर मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता म्हणावं तशी, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : थॅलेसेमियाच्या एका मुलाची आई दर महिन्याला फोन करते, ‘तेवढा एक फोन आला की थकवा वाटत नाही’. ताई, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. गंभीर थॅलेसेमिया असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, वर्षानुवर्षं. ही गरज रात्री दोनला अचानक उभी राहत नाही. तिची तारीख आधी माहीत असते. तिच्यासाठी दात्यांची साखळी कागदावर मांडता येते : या महिन्यात हा, पुढच्या महिन्यात ती. केंद्राशी बोलून एक-दोन मुलांसाठी असं वर्षाचं वेळापत्रक सांभाळणं, रविवारी सकाळी तासभर बसून, हे तुमच्या आत्ताच्या आयुष्यात बसू शकतं. अण्णांची रीत त्यात पुरेपूर वापरता येईल. आणि हे तुम्हाला आवडतं, हे कारण कमी महत्त्वाचं मानू नका. कर्तव्य म्हणून ओढलेलं काम दोन-तीन वर्षांत कडवट होतं, आणि मग तो कडवटपणा समोरच्या गरजू माणसालाही कळतो.

रात्रीचे फोन मात्र थांबवा. एकदम तोडू नका; तीन महिने घ्या. या काळात रक्तपेढीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याशी किंवा समाजसेवकाशी बोलून सहमती दिलेल्या दात्यांची नावं त्यांच्याकडे द्या. अण्णांच्या नंबरवर सरळ निरोप ठेवा : अण्णा आता नाहीत, रक्तासाठी अमुक रक्तपेढीचा हा नंबर, रक्ताचा साठा ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावरही बघता येतो. व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलवरही तेच लिहा. एक सावधगिरी बाळगा. बंद केलेला नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तेव्हा ज्यांच्याकडे तो लिहून ठेवलेला आहे ते एखाद्या अनोळखी माणसाला फोन लावतील. म्हणून निदान वर्ष-दोन वर्षं तो घरातल्या कुणाच्या तरी नावावर करून चालू ठेवा, रात्री आवाज बंद, फक्त निरोप ऐकू येईल असा. बँक, पेन्शन वगैरे ज्या ज्या ठिकाणी तो जोडलेला आहे, ती कामंही या निमित्तानं उरकून घ्या.

मधल्या काळात फोन आलाच आणि तुम्ही उचललात, तर काय बोलायचं हे आधी ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी गळा दाटून येणार नाही. ‘अण्णा मागच्या वर्षी गेले. मी स्वतः दाता शोधून देऊ शकणार नाही. हा नंबर घ्या, आणि डॉक्टरांना सांगा की रक्तपेढीशी बोला.’ इतकं पुरे आहे. माफी मागू नका.

अण्णा रुग्णालयात जाऊन नातेवाइकांजवळ बसायचे, त्याचं काय? ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवता येत नाही, हे मलाही कळतं. पण ते तुमच्याच वाट्याला यायला हवं असंही नाही. वहीतल्या दात्यांना फोन कराल तेव्हा ऐका. तीस वर्षांत अण्णांनी ज्यांच्याजवळ बसून रात्र काढली, त्यांतले काही जण आज निवृत्त असतील, त्यांच्याकडे वेळ असेल, आणि त्यांना कुणी कधी विचारलेलं नसेल. आपण वारस घरात शोधतो. समाजसेवेचे वारस बरेचदा ज्यांची सेवा झाली त्यांच्यातून येतात. दोन जरी असे निघाले, तरी रक्तपेढीच्या समाजसेवकाशी त्यांची गाठ घालून द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.

ज्या वाचकांच्या घरी रक्तदानाची वही नाही, पण वडिलांनी चालवलेलं वाचनालय आहे, आजीनं गरीब मुलांच्या घेतलेल्या शिकवण्या आहेत, काकांनी लावलेली आणि पाणी घातलेली झाडं आहेत, त्यांनीही काही ठरवण्याआधी एक गोष्ट तपासून बघावी. त्यांनी ज्या गरजेसाठी सुरुवात केली ती आज त्याच रूपात शिल्लक आहे का? पुस्तकं मिळत नाहीत म्हणून काढलेल्या वाचनालयात आज मुलांना कदाचित अभ्यासाला शांत जागा हवी असेल. मग कपाटं जपण्यापेक्षा टेबलं-खुर्च्या वाढवणं जास्त बरोबर. गरज संपली असेल तर काम सन्मानानं बंद करावं, कागद एखाद्या संग्रहाला द्यावेत, ज्यांनी साथ दिली त्यांना पत्र लिहून आभार मानावेत. बंद करणं हाही एक निर्णय आहे, आणि तो नीट घेतला तर त्यात काही कमीपणा नाही. आणखी एक : मोठी माणसं हयात असतानाच त्यांच्याशी हे बोलून ठेवता आलं तर फार बरं. ‘तुमच्यामागे यातलं काय चालावं असं तुम्हाला वाटतं?’ हे विचारायला संकोच वाटतो, पण बहुतेकांनी त्याचा विचार केलेला असतो.

ताई, तुमच्या घरी एका व्यक्तीला हे अजूनही विचारता येईल. सासूबाईंचा उल्लेख पत्रात फक्त आजारपणापुरता आला आहे. तीस वर्षं रात्री-अपरात्री फोन वाजला तेव्हा जाग त्यांनाही आली असेल. अण्णा बाहेर पडले की दार लावून घ्यायला त्याच उठत असतील. शिबिर, न्यास, पुरस्कार यातल्या कशाबद्दलही त्यांचं मत कुणी घेतलेलं दिसत नाही. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि पानं उलटत नुसतं ऐका. अण्णांना पुरस्कार आवडले असते का, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या ‘फोन बंद कर बाई’ असंही म्हणतील कदाचित, आणि तसं म्हणाल्या तर तुमच्या मनावरचं ओझं माझ्या पत्रानं हलकं होईल त्याच्या कितीतरी पट हलकं होईल.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. यजमानांना आधी सांगून ठेवा की ‘जमेल तेवढं कर’ हे या वेळी चालणार नाही. ते स्वतः काय करणार, हे त्यांनी सांगायचंय. बैठकीत तुमचं म्हणणं थोडक्यात मांडा : थॅलेसेमियाच्या मुलांचं वेळापत्रक मी बघेन, रात्रीचे फोन तीन महिन्यांत थांबतील, वहीतल्या लोकांना विचारण्याचं काम सगळ्यांत वाटून घेऊ, न्यासाचा निर्णय वर्षभर पुढे ढकलू. दिरांना वाईट वाटेल. वाटू द्या, पण त्यांच्या हाती काहीतरी खरं काम द्या. पुण्यतिथीच्या शिबिराची तारीख आणि संख्या ठरवण्याआधी रक्तपेढीला कुठल्या महिन्यांत किती रक्त कमी पडतं, हे विचारायचा फोन त्यांनीच करावा, आणि उत्तर वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून आणावं.